मोनोस्की: आधी बैठक जमवा, स्कीचं नंतर बघू

कोलोरॅडोच्या विंटर पार्कमध्ये दिव्यांगांना 1970 पासून स्की शिकवतात. मोनोस्की म्हणजे एकाच स्कीवर बसवलेली बैठक, बसून स्की करण्यासाठी. अशा केंद्रांवर भाड्याच्या मोनोस्कीची बकेट, म्हणजे बसायची कवचासारखी खुर्ची, ठरावीक मापांतच मिळते. खरी गोची तिथेच होते. चप्पल ढिली असली की पाय वळतो, चप्पल तिथेच राहते. तसंच कंबरेपाशी बोटभर जागा राहिली तर शरीर कलतं, स्की कलत नाही, आणि वळण उशिरा लागतं. ती जागा बाजूंनी घट्ट फोम लावून भरा. व्हीलचेअरची जाड गादी मात्र खाली घालू नका. उंची वाढली की तोल जातो.

बसताना माकडहाड अगदी मागे टेकवायचं, मग आधी कंबरेचा पट्टा, नंतर मांड्या, नडग्या आणि शेवटी छाती. पहिल्या फेरीनंतर कपडे दबतात, म्हणून पट्टे पुन्हा आवळायचे. संवेदना नसलेल्या भागाखाली चुणी, खिसा, कॅथेटरची नळी राहू देऊ नका. दर दोन तासांनी त्वचा बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर त्या दिवशी स्की बंद. बधिर पायांना गरम पाकिटं लावू नका, भाजलं तरी कळत नाही.

मग तोल. सपाट बर्फावर बसून दोन्ही आउटरिगर, म्हणजे टोकाला छोटी स्की असलेल्या हातातल्या कुबड्या, उचला. पुढे झुकत असाल तर वळणात स्कीची शेपूट सुटते, मागे झुकत असाल तर टोक हलकं पडून वळण सुरूच होत नाही. बैठक एकेक सेंटीमीटर सरकवून पुन्हा बघा. शॉकची, म्हणजे बैठकीखालच्या धक्के झेलणाऱ्या भागाची, स्प्रिंग वजनाप्रमाणे हवी: मऊ असली तर उंचवट्यावर बैठक खाली आदळते, आणि दबून परत उसळायचा वेग जास्त असला तर उडवून देते.

चेअरलिफ्टसाठी बैठक वर उचलली जाते. उतरल्यावर ती खाली येऊन खटका बसला का, हे हात लावून बघा. घाईत राहून जातं ते नेमकं हेच.

आता आउटरिगरची कुबडी. बैठकीत बसून तिची स्की बर्फावर ठेवली की कोपर किंचित वाकलेलं राहावं. लांब झाली तर खांदे वर चढतात आणि दुखतात. व्हीलचेअर ढकलायला संध्याकाळी तेच खांदे लागतात. कुबडीची दोरी ओढली की तिची स्की उभी होते आणि मागचा दात बर्फात रुतवून ढकलता येतं. दोरी ओढूनही ती हलली नाही तर बिजागरीत बर्फ साचलाय, आधी तो ठोकून काढा. जोरात हिसका दिला तर दोरीच तुटते.