एमडी सायकियाट्रीची तोंडी परीक्षा: केस मांडताना कुठे अडकतं

लाँग केसमध्ये, म्हणजे एक पेशंट सविस्तर तपासून मांडायच्या भागात, घात होतो तो वेळेचा. हिस्ट्री लिहिण्यातच बहुतेक वेळ जातो आणि मेंटल स्टेटस (पेशंटच्या सध्याच्या मानसिक स्थितीची तपासणी) शेवटच्या दहा मिनिटांत उरकलं जातं. परीक्षक खोदतात ते नेमकं तिथेच. ‘डिल्युजन ऑफ रेफरन्स आहे’ (आजूबाजूच्या साध्या गोष्टी आपल्यालाच उद्देशून आहेत असा पक्का भ्रम) एवढ्यावर कोणी सोडत नाही, पेशंटचे शब्द मागतात. “टीव्हीवरची बाई आमच्याच घरचं बोलते,” हे वाक्य जसंच्या तसं कागदावर हवं. ‘दुसरं काही कारण असेल का?’ असं विचारल्यावर तो काय म्हणाला, तेही हवं. खात्री किती पक्की आहे ते त्यावरूनच दाखवता येतं. इन्साइटला (आपल्याला आजार आहे याची पेशंटला असलेली जाण) नुसता ग्रेड सांगून भागत नाही, तो कशावरून दिला ते सांगा.

निदानाला कालावधी जोडा. स्किझोफ्रेनियाला आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) किमान एक महिना मागतं, डीएसएम-५ (अमेरिकन मानसोपचार संघटनेची निदानपुस्तिका) सहा महिने. दोन्हींची सरमिसळ केलीत की पुढचे पाच प्रश्न त्यावरच.

औषधांचे आकडे तोंडावर हवेत. लिथियमची (मूड स्थिर ठेवणारं औषध) पातळी मोजायला रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घ्यायचं. पेशंट थायाझाइड (लघवी वाढवणारं औषध) किंवा आयबुप्रोफेन (वेदनाशामक) घेत असेल तर पातळी चढते, हे विचारायच्या आधी सांगून टाकावं.

कायदा म्हणजे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. कलम ९४ खाली तातडीचे उपचार सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त ७२ तास, पण त्यात ईसीटी (विजेच्या झटक्याचे उपचार) बसत नाही. इथे भलेभले घसरतात.