फुगलेला ड्रम

फोम प्लांटमधली नाईट शिफ्ट. टीडीआय म्हणजे फोम बनवायला लागणारं विषारी, पातळ रसायन, त्याच्या होजचं कपलिंग निसटलं आणि पाचेक लिटर माल जमिनीवर. ऑपरेटरने मास्क न लावताच धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला, मिनिटभराचंच काम. मी त्याला ओरडलो पण खरं सांगायचं तर मनातनं बरंही वाटलं.

पुढचं सगळं नीट झालं. बाकीच्यांना बाहेर काढलं, दोघं एअरलाईन मास्क (नळीने बाहेरची स्वच्छ हवा येते तो) घालून आत, भुसा टाकला, वरून धुण्याचा सोडा आणि लिक्विड साबणाचं पाणी, मग तो चिखल फावड्याने ड्रममध्ये भरून बाहेर मोकळ्यावर ठेवला. झाकण मुद्दाम नुसतं टेकवलेलं, कारण टीडीआय आणि पाणी एकत्र आलं की कार्बन डायऑक्साईड निघतो आणि तो हळूहळू निघत राहतो, म्हणून ४८ तास तरी ड्रम बंद करायचा नाही. फोमला जाळी पडते ती याच गॅसने.

हे मला माहीत होतं. बोर्ड मात्र लावला नाही, रिपोर्ट लिहायला बसलो.

पहाटे हेल्पर पळत आला, "साहेब, ड्रम फुगलाय!" झाकण चक्क घुमटासारखं वर आलेलं. झाडताना उघडं दिसलं म्हणून त्यानेच रिंग लावून घट्ट केलेलं, म्हणजे एरवी आम्हीच त्याला जे दहादा सांगतो तेच बिचाऱ्याने केलं. सगळ्यांना लांब केलं, दुरून आडोशाने ड्रमवर बाहेरून पाण्याचा फवारा, इमर्जन्सी टीमने लांबूनच भोक पाडून गॅस सोडला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

या सगळ्या गोंधळात ऑपरेटरकडे कुणी बघितलंच नाही. त्यालाही काही होत नव्हतं, "वास आला जरासा" एवढंच म्हणाला. आता टीडीआयची आठ तासांची मर्यादा बऱ्याच ठिकाणी ०.००५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आहे आणि नाकाला कळतो तो त्याच्या कितीतरी वर गेल्यावर, म्हणजे वास आला तेव्हाच मी त्याला डॉक्टरकडे पाठवायला हवं होतं. घरी जाऊन झोपला आणि दुपारी छाती आवळून, खोकत उठला. टीडीआयचा त्रास असा काही तासांनीही उठतो.

महिन्याभराने कामावर आला, लाईन सुरू पण नव्हती, तरी दहा मिनिटांत धाप लागली. डॉक्टर म्हणाले सेन्सिटाईझ झालाय, म्हणजे टीडीआयची ॲलर्जीच बसल्यासारखं, आता अगदी किंचित वाफही चालणार नाही. सध्या तो पॅकिंगला असतो, दुसऱ्या बिल्डिंगमध्ये. डबा खायला मीच तिकडे जातो, जाताना प्लांटचे कपडे बदलून.