नागपुरात बेसमेंट बांधताना: रॅम्पचं तोंड, काळी माती आणि खालून ढकलणारं पाणी

बेसमेंटचा नकाशा काढायला बसलं की पहिला प्रश्न येतो, गाड्या किती बसतील? नागपुरात हा प्रश्न तिसरा असायला हवा. रस्त्यावरचं पाणी रॅम्पच्या तोंडाशी किती चढतं, हा पहिला. जमिनीतलं पाणी सप्टेंबरात कुठवर येतं, हा दुसरा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्राबाहेर आली आणि कितीतरी बेसमेंटं गाड्यांसकट भरली. त्या दिवशीच्या पाण्याची रेघ काही भिंतींवर अजून दिसते. तुमचा प्लॉट नदी-नाल्याजवळ असेल तर शेजाऱ्यांकडून ती रेघ समजून घ्या आणि लेव्हल मशिनने तिची उंची नकाशावर उतरवा. ती उंची कळल्याशिवाय रॅम्प आखू नका.

रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा हवाच. रस्त्यापेक्षा किमान ३० सेंमी, आणि पुराची रेघ त्याहून वर असेल तर त्या रेघेच्याही वर. आज ३० सेंमी दिले आणि पुढे समोर सिमेंटचा रस्ता होऊन त्याची पातळी चढली, तर त्यातले निम्मे सहज जातात, हेही धरून चला. तोंडाच्या दोन्ही बाजूंना भिंतीत लोखंडी सी-चॅनल बसवून ठेवले तर वेळ पडल्यास त्यात रबर लावलेल्या फळ्या सरकवता येतात. खर्च किरकोळ आहे, पण चॅनल भिंत ओततानाच बसवावे लागतात.

आता खोली. राज्याची बांधकामाची एकत्रिकृत नियमावली (२०२०) सांगते की बेसमेंटच्या फरशीपासून बीमच्या खालच्या कडेपर्यंत किमान २.४ मीटर मोकळी उंची हवी आणि वरच्या बेसमेंटचं छत भोवतालच्या जमिनीच्या सरासरी पातळीपेक्षा ०.९ ते १.२ मीटर वर हवं. यांत्रिक वायुवीजन असेल तर या दुसऱ्या अटीतून सूट मिळते. बहुतेक जण ही सूट आनंदाने घेतात, कारण दुकान रस्त्याच्या पातळीला मिळतं. माझ्या मते लहान प्लॉटवर ही चूक आहे. हिशेब करून बघा. बीम स्लॅबखाली ३० सेंमी उतरतो असं धरलं तर फरशीपासून छत २.७ मीटरवर येतं. छत जमिनीच्या १.२ मीटर वर ठेवलं की फरशी जमिनीखाली फक्त १.५ मीटर जाते. उंचवट्याचे ३० सेंमी मिळवून गाडीला १.८ मीटर उतरायचं. १:८ उताराने (आठ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली) रॅम्प झाला १४.४ मीटर. ३० बाय ५० फुटांच्या प्लॉटची लांबी १५.२ मीटर, म्हणजे ओढूनताणून का होईना, बसतो. तेच बेसमेंट पूर्ण जमिनीत दाबलं तर १५ सेंमी स्लॅब धरून उतार ३.१५ मीटरचा आणि रॅम्प २५ मीटरच्या वर. तो बसत नाही, म्हणून जागेवर १:५ चा होतो आणि मग गाडीचं पोट तोंडाशी घासतं. छत वर ठेवल्याने समोर ९ पायऱ्या येतात हे खरं. पण लिफ्ट बेसमेंटपासून ठेवली तर वयस्कर माणसं गाडीतून उतरून थेट वर जातात. शिवाय भिंतीच्या वरच्या भागात खिडक्या मिळतात, हवा फुकट खेळते.

माती तपासणी बहुधा मे महिन्यात होते. बोअरमध्ये पाणी लागत नाही आणि अहवालात ‘पाणी आढळले नाही’ असं येतं. त्यावर विसंबू नका. शहराच्या पश्चिमेला वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा दगड. पावसाळ्यात पाणी मुरमातून उतरतं आणि दगडावर अडतं. दगडात खोदलेला खड्डा म्हणजे टाकंच. आजूबाजूचं पाणी भिंतीमागच्या भरावातून त्यात येऊन बसतं. म्हणून जवळच्या विहिरीची सप्टेंबर-ऑक्टोबरमधली पातळी विचारा आणि डिझाइन तीच धरून करा.

हे पाणी खालून ढकलतं. एक मीटर पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस मीटरला एक टन. पाणी राफ्टच्या (बेसमेंटच्या तळाच्या सलग काँक्रीट स्लॅबच्या) तळापेक्षा २ मीटर वर चढलं तर २ टन. ३० सेंमी जाडीच्या राफ्टचं स्वतःचं वजन मात्र पाऊण टन. वरचे मजले झाले की ते वजन दाबून धरतं, पण पहिल्या पावसाळ्यात नुसता राफ्ट आणि भिंती उभ्या असतात. तेव्हा पंप बंद पडला तर राफ्ट मधून फुगतो आणि तडकतो. वजन उचल-दाबाच्या १.२ पट होईपर्यंत पंप थांबवायचा नाही, किंवा राफ्टमध्ये पाणी सुटायला पाइप ठेवून ते नंतर बुजवायचे. खोदकाम दिवाळीनंतर सुरू करा. मे संपेपर्यंत भिंत जमिनीच्या वर आली पाहिजे. उन्हाळ्यात काळ्या मातीची कड सरळ उभी राहते, पण भेगा पडलेल्या असतात आणि पहिल्याच पावसात कोसळते. शेजाऱ्याच्या पायाच्या तळापासून ४५ अंशाची रेघ काढा. तुमचा खड्डा त्या रेघेखाली जात असेल तर आधी आधार, मग खोदकाम. खोदलेली माती कडेपासून किमान दीड मीटर लांब टाका.

गळती काँक्रीटच्या अंगातून क्वचितच होते. ती सांध्यातून येते. राफ्ट ओतताना त्याच्यासोबतच भिंतीचा १५ सेंमी उंच किकर (भिंतीचा सुरुवातीचा बुटका भाग) ओता आणि त्याच्या मधोमध पीव्हीसी वॉटरबार (सांध्यातून येणारं पाणी अडवणारी पट्टी) उभा ठेवा. तो सळईला तारेने बांधा, नाहीतर व्हायब्रेटर लागला की आडवा होतो, आणि आडवा वॉटरबार म्हणजे पाण्याला वाट. भिंतीला बाहेरून शहाबादी फरश्यांचं वेष्टण, म्हणजे बॉक्स वॉटरप्रूफिंग करा किंवा मेंब्रेन (पाणी न झिरपणारा पातळ थर) लावा, पण बाहेरूनच. आतून केलेलं प्लास्टर पाण्याचा दाब ढकलून काढतो. भरावाला खोदलेली काळी माती परत वापरू नका, ती फुगून भिंतीवर रेटा देते. मुरूम घ्या आणि २० सेंमीच्या थरांनी कुटा.

रॅम्पच्या तळाशी आडवी नाली आणि संप, म्हणजे पाणी गोळा होण्याचा खड्डा. १४ बाय ३ मीटरच्या उघड्या रॅम्पवर तासाला १०० मिमी पाऊस पडला तर ४,२०० लिटर येतात. दोन पंप हवेत, एक राखीव, आणि दोन्ही जनरेटरवर. डिलिव्हरी पाइपला पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा आणि तोंड रस्त्याच्या पातळीच्या वर. बेसमेंटची नाली थेट गटारीला जोडली तर गटार भरताच पाणी उलटं आत येतं. पंपाचं आणि मीटरचं पॅनल वर, प्लिंथवर ठेवा.

वापराबद्दल थोडक्यात. पार्किंग, घरगुती न पेटणारं सामान, एसीची यंत्रं चालतात. राहणं किंवा अभ्यासिका चालत नाही. २७ जुलै २०२४ ला दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात बेसमेंटमधल्या अभ्यासिकेत पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. खिडक्या कमी पडत असतील तर दर ५० चौरस मीटरला एक एक्झॉस्ट पंखा. २०० चौरस मीटरच्या वर स्प्रिंकलर. खाली जाणारा जिना मुख्य जिन्यापासून वेगळा ठेवा, म्हणजे खालचा धूर वरच्या मजल्यांवर चढत नाही.

दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात एक टँकर मागवून रॅम्पवर सोडा. पहिला पंप बंद ठेवून दुसरा आपोआप सुरू होतो का ते पाहा, मग मेन स्विच पाडून जनरेटरवर पाहा. पाणी चढलं की पंप सुरू करणारा फ्लोट बहुधा गाळात अडकलेला सापडतो. तो धुऊन परत लावायला दहा मिनिटं लागतात.