माल ठेवायची सोय नाही

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, वाढलेल्या माणसाच्या हाताला एक सवय असते: माल ठेवायचा. कास्टिंग भट्टीतून थोडं वाकडंतिकडं आलं तरी बिघडत नाही, वर दोन-तीन मिलीमीटर माल असतोच. मशीनवर धरला, उतरवला की जॉब सरळ. माझी अख्खी हयात यावरच गेली. त्यामुळं ताराबाई पार्कातल्या आमच्या डॉक्टरांनी विमानाचं किट मागवलं आणि "काका, जुळणीला तुम्ही पाहिजेच" म्हणाले, तेव्हा मी पहिलं हेच विचारलं, "माल किती ठेवलाय?" डॉक्टर हसले. पत्राच सगळा 0.8 मिलीमीटरचा. त्यात ठेवणार काय आणि उतरवणार काय!

दोन आसनी विमान, सगळं अॅल्युमिनियमचं, वेल्डिंगचं नावही नाही, सगळी मदार रिव्हेटवर, म्हणजे भोकात घालून मागचं टोक चेपायच्या खिळ्यांवर. सुरुवात शेपटीपासून करतात, कारण भाग लहान असतात आणि हात बसतो. सध्या आडवा स्टॅबिलायझर, म्हणजे शेपटीचा आडवा पंख, चाललाय: पुढं-मागं स्पार म्हणजे लांब तुळया, मधे रिबा म्हणजे आडव्या फासळ्या, वरून पत्रा. भोकं कारखान्यातूनच पाडून येतात. क्लेको म्हणून स्प्रिंगच्या छोट्या पिना असतात, चिमट्यानं दाबून भोकात सोडल्या की दोन पत्रे धरून ठेवतात. 3/32 इंचाच्या भोकाला चंदेरी, 1/8 ला तांबूस. त्या लावत गेलं की सांगाडा उभा राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं, झालं की विमान.

खरी भानगड पिळाची. काडेपेटीच्या बाहेरच्या खोक्याची चिकटवलेली कड सोडवा आणि दोन टोकं धरून पिळा, सहज पिळतं. तीच कड चिकटलेली असताना पिळून बघा, हाताला जोर लागतो. स्टॅबिलायझरचं तसंच. रिव्हेटची शेवटची ओळ बंद होईपर्यंत तो वळेल तिकडं वळतो; बंद झाली की ज्या आकारात असेल त्या आकारात कायमचा. भोकं सगळी बरोबर जुळलेली असतात, तरी टेबल वाकडं असलं तर स्टॅबिलायझर पिळलेलाच निघणार. म्हणून टेबल आधी लेव्हलला, मग दोन्ही टोकांना ओळंबे, मग कर्ण मापून एकमेकांशी जुळवायचे. मी माझी जुनी स्पिरिट लेव्हल नेली. डॉक्टरांकडं डिजिटल आहे, पण बुडबुड्यावर माझा जास्त विश्वास, हे त्यांना आवडत नाही.

उन्हाचंही बघावं लागतं. अॅल्युमिनियम मीटरला दर अंशाला 23 मायक्रॉन वाढतं. दारातून ऊन येऊन दीड मीटरचा पत्रा आतल्या स्पारापेक्षा दहा अंशानं तापला, तर फरक 0.3 मिलीमीटरच्या पुढं जातो. आणि 1/8 च्या रिव्हेटला 30 नंबर ड्रिलच्या भोकात मोकळीक किती? 0.09 मिलीमीटर. आमच्या शेडला तर पश्चिमेचं दार.

भोकं फायनल मापाला नेली की सगळं परत खोलायचं, प्रत्येक भोकाची बर, म्हणजे कडेला उठलेली धार, काढायची आणि मगच रिव्हेट. बर राहिली तर दोन पत्र्यांत फट राहते आणि रिव्हेट मधेच फुगतो. हे काम कंटाळवाणं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध बारीक खळी असते, ती 2117 मिश्रधातूची खूण. रिव्हेट काढायची वेळ आली तर ड्रिलचं टोक त्याच खळीत बसतं. मागचं डोकं चेपून व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच व्हायला पाहिजे, म्हणजे 1/8 साठी 4.8 आणि 1.6 मिलीमीटर. डॉक्टर रिव्हेट ठोकायच्या गनवर, मी मागं बार, म्हणजे पोलादी ठोकळा, धरून. बार तिरका झाला तर डोळ्याआधी कानाला कळतं, ठोका ठणठणतो. मी "बास!" म्हटलं की त्यांनी ट्रिगर सोडायचा. बाहेरचे बार महाग पडतात. मी ईएन-24 पोलादाच्या तुकड्यातून दोन घडवले, तोंड ग्राइंड करून आरशासारखं केलं. तेवढ्यापुरतं उद्यमनगर कामाला आलं.

मारायचं मधून टोकांकडं. प्रत्येक रिव्हेट पत्र्याला केसभर ढकलतो. एका टोकाकडून सुटलात की सगळा ढिलेपणा दुसऱ्या टोकाला साचतो आणि पत्रा टकटक वाजायला लागतो.

गल्लीतली पोरं विचारतात, "मामा, खरंच उडणार का?" कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची 2017 साली डीजीसीएकडं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडं, नोंदणी झाली. रस्ता आहे, लांबचा आहे एवढंच.

शेवटची ओळ येत्या रविवारी घ्यायची ठरलंय, सकाळी. डॉक्टर म्हणतात, लेव्हल शनिवारी रात्रीच लावून ठेवतो. म्हटलं, ठेवा की. सकाळी आल्यावर मी परत लावणारच आहे.