लंडनमधील नाट्यगृहे आणि तिथे उच्चारलेली वाक्ये

इंग्रजी नाटकांतील गाजलेली वाक्ये आपल्यापर्यंत बहुधा सुभाषितांसारखी, नाटकापासून सुटी होऊनच पोहोचतात. हॅम्लेटचे स्वगत तर माझ्या पिढीतल्या कित्येकांनी शेक्सपिअरच्या आधी शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधल्या अप्पासाहेब बेलवलकरांच्या तोंडून ऐकलेले असते. त्यामुळे लंडनला जायचे ठरले तेव्हा राजवाडे आणि वस्तुसंग्रहालये यांना कात्री लावून, यांतली काही वाक्ये ज्या जागांसाठी लिहिली गेली त्या जागा पाहण्याचा बेत मी आखला.

थेम्सच्या दक्षिण काठावरचे शेक्सपिअरच्या मंडळीचे मूळ ‘ग्लोब’ नाट्यगृह १५९९ सालचे. १६१३ मध्ये ‘आठवा हेन्री’च्या प्रयोगात उडवलेल्या तोफेमुळे त्याचे गवती छप्पर पेटले आणि सारे नाट्यगृह जळून गेले. आजची वास्तू १९९७ साली सुरू झाली. तिच्यासाठी कित्येक वर्षे झटलेले अमेरिकन नट सॅम वॉनामेकर मात्र त्याआधीच, १९९३ मध्ये, वारले. मी ‘हॅम्लेट’च्या दुपारच्या प्रयोगाचे सर्वांत स्वस्त, म्हणजे उघड्या अंगणात उभे राहण्याचे तिकीट काढले. तिथे बसायला परवानगी नाही आणि पाऊस आला तरी छत्री उघडता येत नाही, पण रंगमंचाच्या कडेला हात टेकून नाटक पाहता येते.

दुसऱ्या अंकात हॅम्लेट आपल्या मित्रांना सांगतो की ही पृथ्वी त्याला एखाद्या ओसाड भूशिरासारखी भासते आणि सोनेरी अग्नीने मढवलेले हे भव्य छत म्हणजे केवळ दूषित वाफांचा पुंजका वाटतो. पुस्तकात हे एका खिन्न मनाचे काव्य वाटते. इथे मात्र तिन्ही बाजूंनी माणसांच्या गर्दीत घुसलेला तो रंगमंच खरोखरच भूशिरासारखा दिसतो, आणि नटाने हात वर केला की त्याच्या डोक्यावरच्या छतावर रंगवलेले सूर्य, चंद्र आणि राशी आपल्यालाही दिसतात. पुढे तोच हॅम्लेट नटांना बजावतो की अंगणातल्या प्रेक्षकांचे कान फाटतील असे ओरडू नका, कारण त्यांतल्या बहुतेकांना मूकनाट्य आणि गोंगाट यांपलीकडे काही कळत नाही. हे म्हणताना नटाने आमच्याकडे असा काही कटाक्ष टाकला की आम्ही, म्हणजे ज्यांचा अपमान झाला होता तेच, सर्वांत मोठ्याने हसलो. आपल्याकडच्या पिटातल्या प्रेक्षकांनीही असेच केले असते.

जगावे की मरावे, या स्वगताविषयीची माझी समजूतही तिथेच बदलली. अंधाऱ्या प्रेक्षागृहात एका प्रकाशझोताखाली ते नटाचे एकट्याचे चिंतन होते; पण लख्ख उजेडात, जिथे नटाला आमचे चेहरे दिसत होते, तिथे त्याने तो प्रश्न थेट आम्हालाच विचारला आणि उत्तराची वाट पाहावी तसा थांबला. ते स्वगत असेच म्हटले जावे, असे मला आता वाटते.

जवळच पार्क स्ट्रीटवर १९८९ मध्ये सापडलेला ‘रोझ’ नाट्यगृहाचा पाया आहे. हजार जहाजे समुद्रात लोटणारा चेहरा तो हाच का, हे ट्रॉयच्या हेलनला उद्देशून, शेक्सपिअरचा समकालीन नाटककार मार्लो याच्या डॉक्टर फॉस्टसने काढलेले उद्गार सोळाव्या शतकाच्या अखेरीस इथे घुमले. आता वर कार्यालयाची इमारत आहे आणि अवशेष सुकून तडकू नयेत म्हणून पाण्याखाली झाकून ठेवलेले आहेत.

ऑस्कर वाइल्डचे ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ १४ फेब्रुवारी १८९५ रोजी जिथे प्रथम झाले, ते सेंट जेम्स थिएटर १९५७ साली पाडले गेले. म्हणून मी सरळ व्हिक्टोरिया स्थानकावर गेलो. याच स्थानकाच्या सामानघरात नायक जॅक तान्हेपणी एका हँडबॅगेत सापडलेला असतो. एडिथ एव्हान्स यांनी जॅकच्या प्रेयसीची आई लेडी ब्रॅकनेल हिच्या भूमिकेत ‘हँडबॅग’ हा एक शब्द इतका लांबवला की नंतरच्या प्रत्येक नटीला तो कसा म्हणावा, ही चिंता पडते. मला मात्र त्यापुढचा संवाद अधिक आवडतो. जॅक प्रामाणिकपणे खुलासा करतो की सामानघर ब्रायटन मार्गाचे होते, आणि बाई उत्तरतात की मार्ग कोणता, याला काही महत्त्व नाही. त्या काळी इथे दोन रेल्वे कंपन्यांची दोन वेगळी स्थानके एकमेकांना लागून होती, त्यामुळे जॅकचा खुलासा तसा रास्तच होता. फलकावर ब्रायटनच्या गाड्या आजही लागतात, आणि ज्या गावच्या तिकिटावरून जॅकला आडनाव मिळाले त्या वर्दिंगच्याही.