संपाच्या सिनेमात मस्टर शोधा

संपावरचा सिनेमा सुरू झाला की भोंगा वाजतो, गेटवर मुठी वर जातात आणि कुणीतरी टेबलावर चढून भाषण ठोकतो. बघायला झकास वाटतं. पण संप टिकला का आणि मोडला का, ते त्यातून कळत नाही. माझी कसोटी एकच आहे: या गोष्टीत मस्टर, म्हणजे कामगारांचं हजेरीपत्रक, कुठे आहे? त्यात कायम कोण, बदली (कायम माणसाच्या जागी त्या दिवसापुरता लागणारा) कोण, आणि त्या सगळ्यांच्या वतीने मालकाशी बोलायचा हक्क कायद्याने कुणाला दिलाय?

18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या संपाबद्दल नवा वाचक हमखास विचारतो, की सुमारे अडीच लाख कामगार संपाचे पुढारी दत्ता सामंत यांच्या मागे होते तर बोलणी कशी झाली नाहीत? उत्तर 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात आहे. कामगारांच्या तोंडी तो नुसता 'बीआयआर'. त्या-त्या भागातल्या उद्योगात किमान 25 टक्के सभासद सलग तीन महिने टिकवले की युनियन 'प्रातिनिधिक' ठरायची, आणि एकदा ठरली की वाटाघाटी तिच्याशीच. सगळी मेख 'उद्योग' या शब्दात आहे. हिशेब एका गिरणीचा नाही, मुंबईतल्या सगळ्या गिरण्यांचा मिळून. त्यामुळे एखाद्या गिरणीतले यच्चयावत कामगार सामंतांकडे गेले तरी 'प्रातिनिधिक' हा शिक्का राहायचा आधीच मान्यता असलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघ या युनियनकडेच. पगारवाढ, बदलींना कायम करणं, भत्ते या मागण्यांच्या जोडीला 'बीआयआर रद्द करा' हीही मागणी होती, ती यासाठी.

इंजिनिअरिंग कारखान्यांचं गणित वेगळं. तिथे 1971 चा राज्याचा कायदा: 30 टक्के सभासद, सलग सहा महिने, पण मान्यता एकेका कारखान्यापुरती. सामंतांची एकेक कंपनी धरून लढायची पद्धत तिथे चालली आणि गिरणगावात अडकली, यामागे हा फरकही आहे असं माझं मत. तो डोक्यात ठेवून गोविंद निहलानींचा 'आघात' (1985, लेखन विजय तेंडुलकर) पाहा. एका कामगाराला अपघात होतो आणि त्याच्या भरपाईवरून दोन युनियन एकमेकींच्या उरावर बसतात. मान्यतेचा प्रश्न माहीत नसेल तर हे नुसतं पुढाऱ्यांचं भांडण वाटतं. माहीत असेल तर ओम पुरीच्या माधव वर्माची कोंडी नीट समजते: त्याच्याकडे मान्यता आहे, पण माणसं सरकायला लागली आहेत.

'सिंहासन' (1979) मात्र या कसोटीवर अर्धाच उतरतो. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा हा सिनेमा मंत्रालयातल्या सौद्यांबद्दल बिनचूक आहे. सतीश दुभाषींचा कामगार पुढारी डिकास्टा मुख्यमंत्र्यांशी ज्या सलगीने बोलतो त्यातून पुढाऱ्यांच्या पातळीवर संप कसा वापरला जातो ते दिसतं. पण ज्यांच्या जिवावर तो बोलतो ते कामगार गर्दीच राहतात. कुणाचा पगार किती दिवस थकलाय, ते कुठेच येत नाही.

बदली हा प्रकार तर बहुतेक सिनेमे गाळूनच टाकतात. बदली कामगार पाळीच्या वेळी गेटवर हजर राहायचा. कायम माणूस खाड्यावर असेल तर काम, नाहीतर घरी परत. महिन्यात किती दिवस भरतील याचा भरवसा नाही. अशा माणसासाठी संप म्हणजे काय, याचं उत्तर भाषणात सापडत नाही, उधारीच्या वहीत सापडतं. लालबाग-परळच्या खानावळी हे त्या अर्थव्यवस्थेचं खरं इंजिन. बायको-पोरं कोकणात किंवा घाटावर, आणि कामगार महिन्याच्या बोलीवर जेवायचा. संप झाला की खानावळवाली उधारीवर जेवू घालायची आणि वाण्याकडे स्वतः कर्जात जायची. 1974 च्या 42 दिवसांच्या संपानंतर ही कर्जं इतकी वाढली की प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली. या विषयावर एक धड कथापट व्हायला हवा होता. असो.

दुसरी गाळलेली गोष्ट जात. मामा वरेरकरांच्या कादंबरीचं नाव 'धावता धोटा'. धोटा म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारं साधन. आता तो हातात घेऊन बघा. आतली सुताची कांडी संपली की नवी बसवायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. दिवसभरात कितीतरी वेळा. छातीत कापसाची धूळ जायची ती वेगळी. पण त्या थुंकीमुळे 'विटाळा'चं निमित्त करून जास्त पगाराच्या साचेखात्याची, म्हणजे विणकाम खात्याची, दारं अस्पृश्य कामगारांना बंद ठेवली गेली. ते मुख्यतः सूतकताईच्या कमी पगाराच्या खात्यांत राहिले. 1928 च्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. लाल बावट्याची एकी दाखवणाऱ्या पडद्यावरच्या गोष्टींत हे साचेखातं क्वचितच दिसतं. त्यासाठी कथाकार बाबूराव बागुलांकडे जावं लागतं. 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) या संग्रहाची शीर्षककथा गिरणीची नाही, रेल्वेतल्या कामाची आहे. पण सोबत काम करणारा माणूस जात कळल्यावर काय करतो, हे त्यातून जितकं कळतं तितकं दहा मोर्च्यांच्या दृश्यांतून कळणार नाही.

जयंत पवारांचं 'अधांतर' हे नाटक या सगळ्यात मला सरस वाटतं, कारण त्यात संप रंगमंचाबाहेर आहे. धुरी कुटुंबाची एक खोली, आणि सगळं तिथेच घडतं. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची, हे माहीत असलं की या नाटकातला ताण वेगळाच लागतो. पाळ्या चालू असताना घरातली माणसं आळीपाळीने बाहेर असतात, म्हणून एवढ्या जागेत भागतं. गिरणी बंद पडली की सगळे एकाच वेळी घरात. भांडणाला वेगळं कारण लागत नाही. महेश मांजरेकरांनी यावरून 'लालबाग परळ' (2010) केला तेव्हा गोष्ट खोलीतून रस्त्यावर आली आणि गँगवॉर मोठं झालं. माझ्या मते तिथेच ती सैल पडली.

चित्रपटात जमिनीचा विषय आला की एक तपशील हाताशी असू द्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 प्रमाणे गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: महापालिका, म्हाडा, मालक. 2001 च्या बदलाने ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली, शेड पाडून मिळणारी जागा त्यातून सुटली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. 'मालकांनी जमिनी खाल्ल्या' एवढ्या एका वाक्यात हे उरकणारा लेखक असेल तर त्याने गृहपाठ केलेला नाही.

क्रम विचाराल तर सुरुवात सिनेमाने करू नका. आधी नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी जमवलेल्या कामगारांच्या मुलाखती वाचा, मराठीत 'कथा मुंबईच्या गिरणगावची'. सलग नको. प्रत्येक मुलाखतीपुढे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा: गिरणी, खातं, कायम की बदली. पन्नासेक पानांतच दिसायला लागतं, की एकाच संपाबद्दल साचेखात्यातला माणूस आणि बदलीवाला वेगवेगळं का बोलतात. मग 'अधांतर', मग 'आघात'. 'सिंहासन' केव्हाही चालेल.

मंडळात किंवा युनियनच्या ऑफिसात चारचौघांना दाखवायचं असेल तर आनंद पटवर्धनांचा 'ऑक्युपेशन: मिल वर्कर' (1996) घ्या. जेमतेम 22 मिनिटांचा आहे, त्यामुळे पुढे बोलायला तासभर हातात राहतो. टाळेबंदीत अडकलेल्या न्यू ग्रेट ईस्टर्न मिलमध्ये कामगार शिरतात, ते गिरणी पुन्हा चालू करायला. ज्यांनी आधीच्या मुलाखती वाचल्यात त्यांना चर्चेला पहिला प्रश्न हाच टाका: या गर्दीत बदली किती असतील?