नागपंचमी, पांदण आणि मामाचं "इथंच तं आहे"

मामा फोनवर म्हणाला होता, "भद्रावतीहून ऑटो कर, फाट्यावर उतर, पांदनीनं सरळ ये. वारूळ हे काय, इथंच तं आहे." हे "इथंच" अडीच किलोमीटरचं निघालं. श्रावणात, काळ्या मातीत.

भद्रावतीपर्यंत काही त्रास नाही. नागपूर-चंद्रपूर रस्त्यावरचंच गाव, एसटी मिळते. रेल्वेनं येणाऱ्यांनी स्टेशन भांदक नावानं शोधावं. भद्रनागाच्या देवळात पंचमीला गर्दी असतेच, त्यामुळे उजाडताच दर्शन उरका. गावातल्या जैन मंदिरात पार्श्वनाथांच्या डोक्यावरही नागाचाच फणा. विजासनची बौद्ध लेणी पाहिली, चांगली आहेत.

जत्रेच्या वाटेवर टोपलीवाला भेटला. "नागोबाला दूध पाजा, पन्नास रुपये." दहा देतो म्हटलं तर टोपली तोंडाशी आणली. एक रुपयाही देऊ नका. साप दूध पिणारा प्राणी नाही. दिवसेंदिवस तहानलेला ठेवला की समोर येईल ते पितो आणि मग मरतो. बाहेरचा कान नसलेला तो जीव पुंगीच्या सुरावर डोलत नाही, हलत्या पुंगीवर नजर ठेवून असतो. नाग पकडून खेळवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे मी त्याला सांगितलं. त्यानं दुसरं गिऱ्हाईक पकडलं.

ऑटोवाल्यानं तीनशे घेतले आणि गाव येण्याआधीच, पांदणीच्या तोंडाशी, उतरवून दिलं. "पुढं गाडी फसते." हे आधी सांगायला काय झालं होतं? फाट्यापर्यंतचेच पैसे ठरवा, तेही बसण्याआधी.

आता पांदण. दोन्ही बाजूंना बाभळी, मधे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, त्यात गुडघाभर पाणी. चाकोरी टाळून मधल्या उंचवट्यावर चढलो तर तिथली माती सॅंडलला धरून बसली. दहा पावलांत एकेक पाय दोन किलोचा. नाल्याच्या उतारावर तर पाय निघाला, सॅंडल नाही निघाली. डावी. कोपरापर्यंत हात घालून पाहिलं, गाऱ्यानं गिळली ती गिळलीच. उरलेला दीड किलोमीटर एक पाय अनवाणी, आणि डोक्यात एकच विचार, आजच्याच दिवशी परडीवर पाय पडला तर? (घोणशीला आमच्याकडे परड म्हणतात.) गमबूट घाला, गमबूट नसतील तर जाऊच नका. काठी आपटत चाला, पायाचा हादरा सापाला कळतो आणि तो बाजूला होतो. अंधार पडायच्या आत परत फिरा.

वारूळ धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पळसाच्या बुडाशी होतं. वारूळ बांधते उधई (वाळवी), नाग फक्त भाडेकरू, तोही कधीमधी. त्या दिवशी तर नव्हताच. मामीनं हळदकुंकू वाहिलं, लाह्या ठेवल्या, भोकात दूध ओतलं. दूध मातीत जिरून वर पांढरा फेस राहिला आणि मुंग्या आल्या. मामी आदल्या दिवशी चतुर्थीला उपाशी होती, भावासाठी. तिला सख्खा भाऊ नाही. गेली तीस वर्षं हा उपवास ती याच वारुळाला वाहते, हे मला त्या दिवशी कळलं. नंतर बायांनी नांगराच्या फाळाखाली नागिणीची पिल्लं मेल्याची कथा सांगितली. म्हणून आज नांगर नाही, विळी नाही, चुलीवर तवा नाही, जेवायला वाफवलेले कानोले. ज्या जमिनीत आपण फाळ घालतो तिथं कोणीतरी राहतं, याची ही वर्षातून एका दिवसाची आठवण, असं मला वाटलं. शिवाय पिकातले उंदीर खाणारा तोच.

पाऊस थांबला तशी गड्यांची बारी, म्हणजे नागोबाची गाणी, सुरू झाली. गावातले बरेच जण पचमढीकडे नागद्वारच्या यात्रेला गेलेले, उरलेल्या पाच-सहांनी टाळ-ढोलकीवर आवाज लावला, एकानं ओढायची, बाकीच्यांनी झेलायची. अंगावर काटा आला. पाय दुखायचा थांबला. ती ऐकायला मी पुन्हा ती पांदण तुडवीन, सध्या तरी असं वाटतंय.

पण एक सांगतो. बारीनं विष उतरतं असं तिथले म्हातारे अजून म्हणतात. बारी ऐका, हात जोडा, आणि कोणाला डसलं तर चावलेली जागा न कापता, न बांधता, पाय हलू न देता थेट सरकारी दवाखान्यात न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर एकच प्रतिविष चालतं, ते तिथं मिळतं. पांदणीतून माणूस उचलून फाट्यावर आणायला किती वेळ लागेल, याचा हिशेब मात्र आधीच करून ठेवा. मी चालत पाऊण तास घेतला.

परतताना मामा म्हणाला, "पांदन सुकली का तुही सॅंडल निघंन. दिवाळीले ये." डावा पाय, आठ नंबर, तपकिरी. कोणाला दिसली तर बाभळीला अडकवून ठेवा.